नव्या पेढीचा पाया आणि भागीदारीचा कागद

व्यापार विश्वासावर चालतो, हे वाक्य आपल्या पेढ्यांवर इतके नित्य उच्चारले जाते की त्याचा उत्तरार्ध सांगण्याचे भान कोणास राहत नाही. विश्वास हिशेबावर टिकतो आणि हिशेब लेखावर टिकतो, हा तो उत्तरार्ध होय. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद आणि कलबुर्गी या बाजारपेठांत दर दिवाळीस व अक्षय्य तृतीयेस नवी दुकाने उघडतात. मुहूर्त पाहिला जातो, पत्रिका छापल्या जातात, नामफलक रंगविला जातो, आप्तेष्टांचे तोंड गोड केले जाते. परंतु या दुकानाचा मालक कोण, भांडवल कोणाचे किती, कष्ट कोणाचे, नफा कोणत्या प्रमाणात वाटावयाचा आणि तोटा आलाच तर तो कोणी सोसावयाचा, हे प्रश्न त्या मंगल दिवशी विचारणे अशुभ मानले जाते. पुढे तेच प्रश्न वकिलाच्या कचेरीत विचारले जातात, आणि तेव्हा त्यांची उत्तरे देणारे दोघे एकमेकांशी बोलत नसतात.

नवा लहान व्यवसाय भांडवलाच्या अभावी बुडतो असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि आपल्या समाजात भांडवल मिळण्याची वाट फारशी अवघड नाही. मामा, मेहुणा, व्याही, जुना शेजारी कोणी ना कोणी हात देतो. अवघड आहे ती त्या भांडवलाला नीट घडी घालण्याची गोष्ट. नव्या पेढीची घडण पहिल्याच दिवशी कागदावर उतरली पाहिजे, आणि दुसऱ्या माणसाचा पैसा किंवा कष्ट व्यवसायात येताक्षणीच त्या भागीदारीची रीतसर नोंदणी झाली पाहिजे, हे आमचे स्पष्ट मत आहे. या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ते कारणांसह मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार आपल्या मातीस परका नाही. कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यात कागिणा नदीच्या काठी मळखेड हे गाव आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. तेथील नेमिनाथ बसदी आजही त्या वैभवाची साक्ष देते. नवव्या शतकात या राज्यावर अमोघवर्ष राज्य करीत असता महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला आणि त्याच्या आरंभी त्या राजाची स्तुती केली. या ग्रंथाच्या मिश्रकव्यवहार नामक प्रकरणात व्याजाची गणिते आहेत, आणि ‘प्रक्षेपक’ या नावाने हिश्श्यांप्रमाणे रक्कम वाटून देण्याची रीतही आहे. आपल्या शेजारच्या सोलापुरातील जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये हा ग्रंथ हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. अकराशे वर्षांपूर्वीच्या या गणितातून आजच्या व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वाटणीचे गणित बिनचूक येण्यास आधी प्रत्येकाचा हिस्सा सांगितलेला असावा लागतो. हिस्सेच ठरलेले नसतील तर कितीही मोठा गणिती आणला तरी त्यास उत्तर काढता येणार नाही. आपल्याकडील भागीदारीचे बहुतेक तंटे गणिताच्या चुकीचे नसतात; गणित मांडण्यापूर्वी जे सांगावयास हवे होते ते न सांगितल्याचे असतात.

आपल्या सीमाभागात लेखाची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, याचे कारण इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा हैदराबाद राज्यातील जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. बीदर, भालकी, हुमनाबादकडील भाग म्हैसूर राज्यात आला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशास मिळाले. एकाच बाजाराच्या परिघातील गिऱ्हाईक, अडत्या आणि सावकार तीन राज्यांचे रहिवासी झाले. आजही भालकीच्या दुकानाची उधारी उदगीरकडे असते, आळंदचा माल उमरगा-अक्कलकोटकडे जातो आणि बीदरचा व्यापारी जहिराबादच्या वाटेने हैदराबाद गाठतो. सोयरीक सीमा मानीत नाही, परंतु मुद्रांक, न्यायालय आणि कर हे सीमा मानतात. तोंडी करार एका गावात निभावून जातो, कारण तेथे साक्षीस गाव असते. तीन राज्यांत पसरलेल्या व्यवहारास साक्षी कागदच असू शकतो.

आता घडणीचे प्रकार पाहू. एकटा मनुष्य स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कष्टाने लहान दुकान घालीत असेल तर एकमालकी हा सर्वांत सोपा प्रकार होय. त्यास वेगळा कायदा लागत नाही. पालिकेचा व्यवसाय परवाना, दुकाने व व्यापारी आस्थापनांची नोंदणी, खाद्यपदार्थ असल्यास अन्नसुरक्षेचा परवाना, बाजार समितीच्या आवारात व्यापार करावयाचा असल्यास तिचा परवाना आणि पेढीच्या नावाने बँकेतील चालू खाते, एवढ्याने प्रारंभ होतो. नामफलकाविषयीही सांगणे अवश्य आहे. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर फलकावरील ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असणे बंधनकारक झाले आहे. आपण मराठी बोलणारे असलो तरी ज्या राज्यात आपला गल्ला आहे त्या राज्याची भाषा फलकावर ठळक असणे हे आपल्या गिऱ्हाइकाचेही सौजन्य होय. एकमालकीचा दोष एकच, पण तो मोठा आहे. दुकानाचे देणे हे मालकाचे देणे असते. दुकान बुडाले तर घरही त्यात ओढले जाते.

दुसरा प्रकार कुटुंबाच्या पेढीचा. वडिलोपार्जित दुकान अविभक्त कुटुंबाच्या नावाने चालविण्याची आपली जुनी रीत आहे. या रीतीने अनेक घरांचा उत्कर्ष झाला, हे आम्ही आदराने मान्य करतो. परंतु नवा व्यवसाय या चौकटीत घालण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार व्हावा. एक तर कर्त्याच्या हातून झालेल्या कर्जाचा भार कुटुंबाच्या मिळकतीवर पडतो. दुसरे असे की १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद झाली आहे. सबब कुटुंबाच्या नावाने दुकान वाढविणारा भाऊ हे आपल्या बहिणीच्या हिश्श्यासकट वाढवीत असतो. हे न्याय्यच आहे. अन्याय होतो तो तेव्हा, जेव्हा एका भावाने स्वतःच्या घामाने उभे केलेले नवे दुकान केवळ नाव जुने असल्यामुळे सर्वांच्या वाटणीत ओढले जाते, किंवा सर्वांच्या मिळकतीवर उभे राहिलेले दुकान एकटाच बळकावून बसतो. यास्तव नवा व्यवसाय नवा म्हणून, वेगळ्या नावाने, वेगळ्या वहीत आणि वेगळ्या लेखाने सुरू व्हावा.

तिसरा प्रकार भागीदारीचा, आणि आमच्या विवेचनाचा मुख्य विषय हाच आहे. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. तो भागीदारांना लेखी करार करण्याची सक्ती करीत नाही. करार मुका राहिला तर मात्र तो स्वतः बोलतो, आणि त्याचे बोलणे पुष्कळांस आश्चर्यात टाकते. करारात काही ठरलेले नसेल तर नफा व तोटा सारख्या वाट्याने वाटला जातो, मग एकाने पाच लाख घातले असोत व दुसऱ्याने पन्नास हजार. भांडवलावर व्याज मिळत नाही. कामाचा मोबदला मिळत नाही. भांडवलापलीकडे एखाद्याने पेढीस उसने दिले असेल तर त्यावर शेकडा ६ दराने व्याज मिळते, एवढीच सवलत. आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडी अशी असते की थोरल्याचा पैसा आणि धाकट्याचे कष्ट. धाकटा पहाटे बाजार समितीच्या आवारात उभा राहतो, तोलाई पाहतो, हमालांशी बोलतो, रात्री गल्ला मोजतो. करारात त्याच्या मेहनतान्याची ओळ नसेल तर दहा वर्षांनी त्यास मोबदल्याचा हक्क सांगता येत नाही. आणि थोरल्यासही आपल्या मोठ्या भांडवलाचा मोठा वाटा मागता येत नाही. दोघांचेही नुकसान एका न लिहिलेल्या ओळीने होते.

कागद लिहिला तरी काम अर्धेच झाले. कायद्याच्या ६९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी न झालेली पेढी, शंभर रुपयांपर्यंतचे किरकोळ दावे सोडले तर, कराराच्या आधारे कोणावरही वसुलीचा दावा लावू शकत नाही. गिऱ्हाइकाने लाखाची उधारी बुडविली तरी तिला न्यायालयाचे दार बंद असते. उलट त्या पेढीवर दावा लावण्यास मात्र दुसऱ्यास कोणतीही आडकाठी नाही. भागीदाराने भागीदारावर करारातील हक्कासाठी दावा लावावयाचा तरी नोंदणी हवीच; पेढी मोडून हिशेब मागण्यापुरतीच काय ती वाट मोकळी राहते. जो व्यापार उधारीवर चालतो, आणि आपला बहुतेक व्यापार उधारीवरच चालतो, त्याने नोंदणीविना राहणे म्हणजे कुलपाविना कोठार ठेवणे होय.

या ठिकाणी घरातील भगिनींविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस कर्तव्य वाटते. करारात पत्नी, सून किंवा आई हिचे नाव भागीदार म्हणून घालण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिच्यासमोर कागद ठेवला जातो, बोट दाखविले जाते, ती सही करते. तो कागद तिला वाचून दाखविण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. परंतु कायदा नामधारी व कामकरी असा भेद करीत नाही. पेढीच्या सगळ्या देण्यास प्रत्येक भागीदार एकत्रितपणे तसाच एकेकटाही जबाबदार असतो. पेढीस ओहोटी लागली तर बँकेची नोटीस तिच्याही नावाने येते आणि तिच्या स्त्रीधनापर्यंत तगादा पोहोचू शकतो. ज्या व्यवहारात तिने नफ्याचा आकडाही कधी ऐकला नाही, त्याच्या तोट्याची ती धनीण ठरते. म्हणून आमचा आग्रह असा की स्त्रीचे नाव घालावयाचे तर तिला खरी भागीदार करावी. वही तिच्यापुढे यावी, ताळेबंदावर तिची सही समजून उमजून व्हावी. आमच्या घराघरांतून हिशेबाची उत्तम जाण असलेल्या भगिनी आहेत. त्यांचे नाव घेऊन बुद्धी न घेणे हा व्यापारी दृष्टीनेही घाट्याचा सौदा आहे. अल्पवयीन मुलास भागीदार करता येत नाही. सर्वांच्या संमतीने त्यास केवळ नफ्याच्या लाभात घेता येते. तो सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने आपली इच्छा जाहीर सूचनेने कळविली नाही तर तो आपोआप पूर्ण भागीदार ठरतो, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

मरण आणि निवृत्ती या दोन गोष्टींचा उल्लेख मुहूर्ताच्या दिवशी नको वाटतो. पण कराराने तो केलाच पाहिजे. करारात उलट काही नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी कायद्याने मोडते. हंगामाच्या भरात, कोठार तुरीने भरलेले असताना असे घडले तर खाते थांबते, माल पडून राहतो, आणि दुःखात असलेल्या कुटुंबापुढे देणेकरी उभे राहतात. भागीदार दोघेच असतील तर केवळ ‘पेढी चालू राहील’ असे लिहूनही भागत नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. वारसास कोणत्या रीतीने आत घ्यावयाचे अथवा त्याचा हिस्सा किती मुदतीत द्यावयाचा, हे लिहावे लागते. तसेच निवृत्त होणाऱ्या भागीदाराने जाहीर सूचना दिली नाही तर पुढच्या देण्याचीही जबाबदारी त्याच्या मागे लागू शकते. निबंधकास कळविणे, राजपत्रात व जिल्ह्यातील देशी भाषेच्या वृत्तपत्रात सूचना छापणे, हा उपचार वाटला तरी तो त्याचे कवच आहे.

अलीकडच्या काळात आणखी दोन वाटा खुल्या झाल्या आहेत. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या माणसासही कंपनी काढण्याची मुभा मिळाली. यांत व्यवसायाचे देणे व्यवसायापुरते राहते, घरावर येत नाही. मात्र त्यांचे ओझेही आहे: दरसाल लेखे व विवरणे दाखल करावी लागतात, व्यवसाय झाला नाही तरी ते चुकत नाही. मर्यादित भागीदारीत उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवली वर्गणी २५ लाखांवर गेली की लेखापरीक्षण सक्तीचे होते. शिवाय कर्ज देताना बँक भागीदारांची वैयक्तिक हमी मागतेच, आणि हमीवर सही केली की मर्यादा तेवढ्यापुरती नाहीशी होते. म्हणून किराणा वा कापडाच्या लहान दुकानास साधी नोंदविलेली भागीदारी पुरेशी आहे असे आम्हांस वाटते. ज्या धंद्यात मालाचा साठा मोठा, भावाची चढउतार तीव्र आणि कर्ज अपरिहार्य, तेथे मर्यादित दायित्वाचा विचार प्रारंभीच करावा.

असा धंदा म्हणजे आपल्या भागातील डाळ मिलचा होय. कलबुर्गी हे तुरीचे आगर. ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावास २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नव्या मिलमालकाने हे नाव पोत्यावर छापावयाचे तर १९९९ च्या त्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेतली पाहिजे. तुरीची नवी आवक डिसेंबरअखेरीपासून सुरू होते. दोन-तीन महिन्यांत घेतलेला माल पुढे वर्षभर भरडावयाचा असतो. शंभर किलो तुरीतून सामान्यतः ७० ते ७५ किलो डाळ हाती येते, उरलेली चुणी, कणी व टरफल. नफा या काही किलोंच्या फरकात आणि खरेदीच्या वेळेत असतो. या व्यवसायात सरकारी धोरणाचा वारा कसा फिरतो ते अलीकडेच दिसून आले. २०२१ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने तुरीची आयात मुक्त केली. जून २०२३ मध्ये तूर व उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक डाळीसाठी २०० टन. त्याच वर्षी सप्टेंबरात ती २०० वरून ५० टनांवर आणली. ज्याने कर्ज काढून कोठार भरले होते त्यास मुदतीत माल काढणे भाग पडले, मग भाव कोणताही असो. धोरण योग्य की अयोग्य, ही चर्चा येथे अप्रस्तुत आहे. प्रश्न एवढाच की असा प्रसंग येता तोटा कोणाच्या घरापर्यंत पोहोचावा, हे मिलमालकाने यंत्र बसविण्यापूर्वी ठरविले होते काय?

याच उदाहरणावरून भांडवलाच्या मांडणीविषयीही आमचे मत सांगतो. नव्या उत्साहात सारा पैसा इमारत व यंत्रे यांत घातला जातो आणि तूर बाजारात येते तेव्हा हात रिकामा असतो. आमच्या मते लहान व्यवसायाने निम्म्याहून कमी पैसा स्थावर गोष्टींत गुंतवावा. उरलेला खेळता ठेवावा, आणि त्यातूनही चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूस काढावी. मिल चालविणारा हा कायद्याच्या दृष्टीने उत्पादक असतो, आणि उत्पादकास एक लाभ आहे तो त्याने दवडू नये. २००६ च्या लघुउद्योग कायद्याखाली उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लहान उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावयाचे असतात. विलंब केल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. ही नोंदणी निःशुल्क आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास जुलै २०२१ पासून ही नोंदणी करता येते खरी, पण ती अग्रक्रमाच्या कर्जापुरती. थकबाकीच्या व्याजाचे संरक्षण त्यास मिळत नाही. तेव्हा आपण उत्पादक की व्यापारी, हे नोंदणीच्या अर्जात नीट लिहावे.

सीमाभागातील नव्या दुकानदाराची हटकून होणारी चूक वस्तू व सेवा करासंबंधी असते. वस्तूंच्या उलाढालीची ४० लाखांची मर्यादा ऐकून तो निश्चिंत राहतो. ती मर्यादा राज्याच्या आतील विक्रीसाठी आहे. करपात्र माल शेजारच्या राज्यातील गिऱ्हाइकास पाठविला की, उलाढाल कितीही अल्प असो, वस्तूंच्या व्यापाऱ्यास नोंदणी सक्तीची होते. आपसमेळ योजनेचा सुटसुटीत कर भरणारासही परराज्यात माल विकता येत नाही. म्हणजे औरादच्या दुकानातून देगलूर-उदगीरकडे गेलेली एक गाठही त्यास वेगळ्या नियमात नेऊन बसविते. करमुक्त मालाचाच व्यापार असेल तर गोष्ट निराळी. सुटी डाळ करमुक्त असते, पण १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातील डाळीस ५ टक्के कर लागू झाला. दुसऱ्या राज्यात शाखा किंवा कोठार उघडले तर तेथील नोंदणी वेगळी घ्यावी लागते. सबब भागीदारीच्या कागदात मुख्य ठिकाण कोणते, शाखा कोठे आणि तंटा झाल्यास दावा कोणत्या गावच्या न्यायालयात चालावा, हे स्पष्ट लिहावे. बीदर की उदगीर, हा प्रश्न भांडण झाल्यावर सोडविता येत नाही.

हिशेबाविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. कीर्द आणि खतावणी आपल्या हाडीमासी आहे. पूर्वी पुष्कळ पेढ्यांचे वर्ष दिवाळीस संपे. आयकरासाठी १९८९ पासून सर्वांचेच वर्ष एप्रिल ते मार्च झाले. वहीपूजन दिवाळीसच शोभते, ते तसेच चालू राहावे. ताळेबंद मात्र ३१ मार्चचा. एक नियम तेवढा नव्या पेढीने व्रतासारखा पाळावा: दुकानाच्या गल्ल्यातून घरखर्च करावयाचा नाही. दरमहा ठरलेली उचल भागीदाराच्या नावे लिहून घ्यावी व त्यातच घर चालवावे. गल्ल्यातून भाजी आणि शाळेची फी गेली की विक्री दिसते, नफा दिसत नाही. आणि नफा न दिसला की भागीदार एकमेकांकडे पाहू लागतात.

सहीच्या बाबतीत बीदरच्या इतिहासात एक दारुण उदाहरण आहे. महमूद गावान हा व्यापारी म्हणून १४५३ मध्ये दाभोळ बंदरात उतरून बीदरला आला आणि पुढे बहामनी राज्याचा वजीर झाला. ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती हा त्याचा किताब होता. त्याने १४७२ साली पुरी केलेली मदरशाची इमारत आजही शहरात उभी आहे. १४८१ मध्ये त्याच्या शत्रूंनी त्याच्या मोहरेच्या रखवालदारास हाताशी धरून कोऱ्या कागदावर मोहर उमटवून घेतली, वर राजद्रोहाचे पत्र लिहिले, आणि त्या एका कागदाने त्याचा प्राण घेतला असे इतिहासकार सांगतात. आजची मोहर म्हणजे कोरा धनादेश, अंकीय स्वाक्षरी आणि भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी. या तिन्ही गोष्टी सोयीसाठी मुनीमाच्या वा कर-सल्लागाराच्या हाती सोपवून निश्चिंत राहणारे व्यापारी थोडे नाहीत. पेढीच्या करारात धनादेशावर दोन भागीदारांची सही, कर्जास सर्वांची लेखी संमती आणि ठरावीक रकमेवरील खरेदीस परस्परांची माहिती, ही कलमे अवश्य असावीत.

आमच्या या म्हणण्यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्ही जाणतो. भावाभावांत कागद कशाला, असे ते म्हणतात. आमचे नम्र उत्तर असे की कागद अविश्वासाचा नसतो, स्मरणाचा असतो. दहा वर्षांपूर्वीचे बोलणे दोन प्रामाणिक माणसांच्याही आठवणीत दोन प्रकारचे राहते. दोघेही खरे बोलत असतात आणि तरी दोघांचे पटत नाही. शिवाय भावाभावांत निभावले तरी त्यांच्या मुलांत निभावेल याची हमी कोण देणार? दुसरा आक्षेप खर्चाचा. मुद्रांक, वकील आणि नोंदणी यांचा मिळून खर्च उद्घाटनाच्या मंडपाहून व जेवणावळीहून सहसा कमीच येतो. तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही. नोंदणी केली की सरकारच्या नजरेस येऊ, अशी धास्ती असते. परंतु बँकेत खाते उघडले, पॅन घेतला, विजेची जोडणी घेतली की आपण नजरेस आलेलेच असतो. नोंदणी न करून आपण लपत नाही. केवळ आपल्या हक्कास मुकतो.

अखेरीस आपल्या संस्थेस तीन विनंत्या. पहिली, भागीदारीपत्राचा एक नमुना मराठीत तयार करून सभासदांस उपलब्ध करावा. आपल्याकडील करार बहुधा इंग्रजीत होतात आणि सही करणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते वाचता येत नाहीत. कायद्याचा मसुदा कोणत्याही भाषेत असो, त्याची मराठी प्रत प्रत्येक भागीदाराच्या हाती असावी. दुसरी, तंट्यांसाठी पंचांची एक यादी असावी. तीत दोन अनुभवी व्यापारी, एक हिशेबनीस आणि एक भगिनी असाव्यात. १९९६ च्या लवाद कायद्यास अनुसरून त्यांच्याकडे तंटा नेण्याचे कलम नमुन्यातच घालावे, म्हणजे घरची गोष्ट वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणार नाही. तिसरी, नव्या दुकानाच्या उद्घाटनास संस्थेचे पदाधिकारी जातात तेव्हा त्यांनी हाराबरोबर एक प्रश्नही न्यावा: ‘कागद झाला काय?’ हा प्रश्न वडिलकीच्या नात्याने विचारला तर त्याचा कोणी राग मानणार नाही, आणि पाच-दहा वर्षांत तो मुहूर्ताचाच एक विधी होऊन बसेल.

आपल्या पूर्वजांनी या भागात काट्याच्या बिनचूकपणावर पत मिळविली. गिऱ्हाइकाचे माप आपण काटेकोर ठेवतो. आपल्याच भावाचे, भागीदाराचे, सुनेचे माप तेवढे अंदाजाने धरतो. नव्या पिढीने दुकान उघडताना पहिले वजन या मापाचे करावे. तराजू त्यानंतर टांगावा.